बोटांवरची हळद

१

तीन नंबरच्या प्रेसचा खडा पिवळा निघाला.

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता डिचोलीबाहेरच्या त्या शेडमध्ये पाच माणसं काचेच्या एका भांड्याभोवती वाकून उभी होती. वाटाण्याएवढा खडा भांड्याच्या तळाशी पडला होता. पिवळाधमक, पिकल्या काजूच्या बोंडासारखा.

“पिवळा?” मालक प्रवीणबाब म्हणाले. “तीन नंबरला पिवळा कसा येईल? पांढऱ्याचं काम होतं ते.”

पलीकडे प्रेसना थंड ठेवणारं पाणी नळ्यांतून खळखळत होतं, तेवढाच काय तो आवाज.

त्या शेडमध्ये हिरे जमिनीतून काढत नसत, पिकवत असत. मुळगावची शेवंती दगडी पुडीचा एक ठोकळा भरायची. त्यात शिसपेन्सिलीतलं असतं तसलं ग्राफाइट, धातूच्या चकत्या आणि तळाशी मोहरीएवढा जुना हिरा. त्याला सगळे ‘बी’ म्हणत. मग ती प्रेस सहा बाजूंनी त्या ठोकळ्याला आवळायची. नखाएवढ्या जागेवर तीन भरलेले टिपर उभे करावेत एवढा दाब, आणि आत लोखंड वितळायला येईल अशी आग. सात दिवसांनी ठोकळा फोडायचा, आतला धातूचा गोळा तेजाबात घालायचा. दोन दिवसांत धातू विरघळतो आणि खडा मागे उरतो. हवेतल्या नायट्रोजनने खडा आपसूक पिवळा होतो. पांढरा हवा असेल तर ठोकळ्यात टायटॅनियमची चिमूट टाकायची, ती नायट्रोजनला गिळते.

“शेवंतीबाय, टायटॅनियम राहिलं तर नाही?”

“नाही हो.”

प्रवीणबाबनी फोन काढला. प्रत्येक चिमूट काट्यावर ठेवली की तिचा फोटो काढायचा, असा तिथला नेम होता. फोटो होता. वजन बरोबर होतं.

“म्हणजे हा खडा त्या ठोकळ्यातला नव्हेच,” प्रवीणबाब सावकाश म्हणाले. “आपला पांढरा नेऊन कोणीतरी जुना पिवळा टाकलाय.”

सगळ्यांच्या नजरा एकदम कोमलकडे वळल्या. तेजाबाची खोली तिची होती. धुराच्या कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात होती.

शेवंतीचा हात मात्र पदराच्या गाठीकडे गेला. त्या ठोकळ्यात आणखी काय होतं, हे जगात तिच्या एकटीलाच ठाऊक होतं.

२

त्या ठोकळ्यात पिंजर होती.

शेवंती घरी पिंजर, म्हणजे हळदीचं कुंकू, करायची. नवरा गेल्यावर स्वतःच्या कपाळाला लावायची बंद झाली, पण देवीसाठी करायची तिने सोडली नव्हती. सोमवार, चतुर्थी, एकादशी, तिचे सगळे नेम घड्याळासारखे चालत. प्रवीणबाब पाहुण्यांना तिची ओळख करून देताना म्हणत, “हिच्या हाताला देव आहे. आठ वर्षांत हिचा एक ठोकळा वाया नाही.”

तो शब्द गेल्या महिन्यात खोटा ठरला. तीन नंबरला तिचे दोन ठोकळे ओळीने उडाले. खाणीत सुरुंग लावल्यासारखा दणका. दुसऱ्या वेळी कठीण धातूचा एक तुकडा सिद्धेशच्या कानाजवळून जाऊन पत्र्यात रुतला. सिद्धेश तिच्या बहिणीचा मुलगा. दोडामार्गाहून तिनेच त्याला आणून प्रेसवर लावलं होतं. तिसरा ठोकळा भरताना तिला त्या पत्र्यातलं भोक दिसत राहिलं. मग तिने हातमोजा काढला, पदराच्या गाठीतली पिंजर बोटाला लावली आणि धातूच्या चकतीखाली, आतल्या बाजूला, एक ठिपका ओढला. ‘पोराला सांभाळ गे बाये,’ एवढंच म्हणाली.

बाहेरचा केससुद्धा आत जाऊ नये म्हणून डोक्याला टोपी घालतात त्या खोलीत!

ठोकळा उडाला नाही. पण खडा पिवळा आला. पिंजर म्हणजे शेवटी हळदच की. ‘चोरी कसली,’ तिला वाटलं, ‘माझ्याच हाताने खडा नासला.’

हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. इतक्यात स्टोअर सांभाळणारे कृष्णनाथ पुढे झाले आणि सगळ्यांदेखत कोमलची पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, कंगवा, बसचा पास, कापडात गुंडाळलेली चार पॅडं.

“ती तरी झाका,” कोमल म्हणाली.

शेवंतीने पुढे होऊन ते कापड झाकलं. आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

३

पोलिसांत गेलं तर गिऱ्हाइकं बिचकतील म्हणून प्रवीणबाबनी दुपारी सर्वणहून रघुनाथबाबना बोलावलं. खाणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं खनिज तपासलेला हा माणूस. त्याच प्रयोगशाळेत शेवंती कधीकाळी लोखंडाचे नमुने कुटायची. ते स्टोअरमध्ये बसले, चहा मागवला आणि एकेकाला आत घेऊ लागले. चहा देणं शेवंतीकडे होतं, त्यामुळे तिच्या कानावर सगळंच पडलं.

कृष्णनाथ आत शिरले तेच तणतणत. “हो, दुसरी किल्ली माझ्या खोलीत खिळ्याला असते. हो, रविवारी दहाला मी आलो होतो. गणपतीपुढे दिवा लावला नि गेलो. वीस वर्षांचा नेम आहे.”

“सुट्टीच्या दिवशीही?”

“देवाला सुट्टी असते काय? मी देवाकडे येतो, तेजाबाकडे नव्हे. आणि त्या कोमलला, पेडण्याच्या पोरीला, ठेवू नका म्हणून मी पहिल्यापासून सांगतोय.”

“कित्याक?”

“उलट बोलते.”

“मग तर ठेवायलाच हवी,” रघुनाथबाब म्हणाले. “पुढचा.”

कोमल खुर्चीच्या कडेवर टेकली. “शुक्रवारी संध्याकाळी ठोकळा फोडला, गोळा तेजाबात घातला. शनिवारी तेजाब बदललं. गोळा अर्धा उरला होता, खडा दिसत नव्हता. कुलूप लावलं नि कोरगावला घरी गेले. आज सकाळी आले ती सगळ्यांसमोर उघडलं.”

“हाताला काय झालंय?”

तिने अंगठा पुढे केला. पेराशी जुनाट पिवळा डाग होता. “तेजाबाचा आहे. गेल्या महिन्यात मोजा फाटला होता. हा धुऊन जात नाही, कातडी निघते तेव्हाच जातो.” थोडं थांबून ती म्हणाली, “प्रवीणबाब म्हणतात, उद्या बारापर्यंत खडा आला नाही तर पोलीस कोरगावला घरी जाऊन झडती घेणार. एकदा जीप दारात आली की गाव विसरत नाही हो. मी सुटले तरी आई नाही सुटणार.”

शेवंतीने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

सिद्धेश मात्र हसत आत आला. “शनिवारी सुट्टी घेवन गावाक गेल्लंय, चुलत भयणीची हळद व्हती. रविवारी सकाळी सहा ते दोन प्रेसवर. दोन वाजता मावशेकडे जेवूक. इचारा तिका.”

“आला होता,” शेवंती पटकन म्हणाली. “हाताची बोटं अजून हळदीने पिवळी होती. मीच साबण दिला, म्हटलं हात धू नि पानावर बस. गरम भात, वाटाण्याचं तोंडाक. दोनदा मागून घेतलं.”

“काम कसं काय वाटतं, सिद्धेश?”

“बरा हा.” त्याने मान खाली घातली. “मावशेन लावलेला, म्हणजे बराच.”

सगळे गेल्यावर रघुनाथबाबनी चष्मा पुसला. “शेवंतीबाय, लोखंड कुटायचात तेव्हा तुमचे नमुने मी डोळे मिटून घ्यायचो. आजही विचारतो. सांगण्यासारखं काही राहिलंय?”

“नाही,” ती म्हणाली.

सोमवार होता. उपासाच्या पोटी, सोमवारी, ती खोटं बोलली. त्या संध्याकाळी उपास सोडायला ती पानावर बसली आणि तशीच उठली. देवाऱ्यापुढे समई लावली आणि वर न पाहताच मागे फिरली.

४

मंगळवारी पाव विकणाऱ्या पोदेराची पहिली पों-पों ऐकू आली तेव्हा ती सर्वणला रघुनाथबाबच्या अंगणात उभी होती. त्यांनी बसायला कदेल दिली. ती बसली नाही. उभ्यानेच, पदराचं टोक पिळत, तिने सगळं सांगितलं. पत्र्यातलं भोक, ठिपका, आणि कोमलची उलटी केलेली पिशवी.

“चोरी झालीच नाही,” ती शेवटी म्हणाली. “हळदीने खडा नासला. पाप माझं आणि शिक्षा त्या पोरीला. कालच बोलायला हवं होतं. जीभ उचललीच नाही हो.”

रघुनाथबाबनी एक वेगळाच प्रश्न विचारला.

“पिंजर बाजारची, की घरची?”

“घरची.”

“कशी करता?”

तिला वाटलं, चेष्टा करतात. “हळकुंडं घ्यायची. लिंबाचा रस, तुरटी, टाकणखार. त्यात मुरवायची, सावलीत वाळवायची नि कुटायची.”

“टाकणखार!” म्हातारा ताडकन उठला. “अहो बाय, हळद चौदाशे अंशांत टिकते काय? तिचा कोळसा झाला. आणि हिरा कोळशाचाच करतो आपण. हळदीने काही बिघडत नाही. पण टाकणखारात बोरॉन असतं. टायटॅनियमने नायट्रोजन गिळला आणि बोरॉनचा एवढासा कण जरी आत राहिला, तर खडा पिवळा होत नाही. पांढराही होत नाही.”

“मग?”

“निळा होतो. शंखपुष्पासारखा निळा. तुमच्या ठोकळ्यातून पिवळा निघणं शक्यच नाही. म्हणजे बदललाय हे नक्की. आणि बदलणाऱ्याकडे निळा खडा आहे, जो आपण लावला होता हे आपल्याला ठाऊकच नव्हतं.”

शेवंती खुर्चीवर बसली. नासलं नव्हतं. तिच्या हातून नासलं नव्हतं!

“आता कोण, एवढंच राहिलं,” ते येरझारा घालू लागले. “शनिवारी खडा दिसत नव्हता. म्हणजे उघडा पडला रविवारी. कोमल कोरगावात होती. उरले कृष्णनाथ आणि सिद्धेश. दोघांनाही खिळ्यावरची किल्ली ठाऊक.” ते मध्येच थांबले. “बाकी गंमत आहे नाही? पिवळं हळकुंड आणि लाल पिंजर.”

“खार लागला की हळद लाल होतेच,” शेवंती मोकळ्या मनाने म्हणाली. “त्यात नवल काय? हळदीच्या हाताला साधा साबण लागला तरी होते. लग्नघरी बघा, मोरीत लाल पाणी—”

ती बोलता बोलता थांबली.

रविवारची मोरी तिच्या डोळ्यांपुढे आली. सिद्धेशने घासघासून हात धुतले होते. काळ्या दगडावरून फेस वाहत गेला होता.

फेस पांढरा होता.

“काय झालं?” रघुनाथबाबनी विचारलं.

“चला,” ती म्हणाली. “बारा वाजायच्या आत पोचायला हवं.”

५

वाटेत मुळगावला घरी थांबून तिने हळदीची पूड कागदात बांधून घेतली. देवाऱ्याच्या खोलीत ती गेली नाही.

शेडमध्ये सगळे जमले होते. कोमल भिंतीला टेकून उभी होती. रात्रभर झोपली नसावी. शेवंती आठ वर्षांत कधी मोठ्याने बोलली नव्हती, आजही बोलली नाही. पण पाण्याच्या खळखळाटातही तिचं अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

“प्रवीणबाब, माझं ऐका, मग मला काढायचं तर काढा.” आणि तिने पिंजरेचं सांगितलं.

“शाबास!” कृष्णनाथ म्हणाले. “आमच्या टकलावर टोपी घालायला लावतात, आणि ही बाई ठोकळ्यात देवकार्य करते!”

रघुनाथबाबनी टाकणखार, बोरॉन आणि निळा खडा चार वाक्यांत समजावला. निळा हा शब्द आला तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सिद्धेश तेवढा जमिनीकडे पाहत राहिला.

शेवंतीने कागद सोडला. थोड्या पाण्यात हळद कालवून स्वतःच्या तीन बोटांना चोळली. मग मोरीजवळ गेली.

“सिद्धेश, ये रे.”

“कित्याक गो?”

“तुझ्या बोटांची हळद अजून गेली नाही. आज तिसरा दिवस. ये, एकाच साबणाने धुऊ.”

तो पुढे आला. न येऊन करणार काय? चार माणसं पाहत होती. तिने साबण आधी स्वतःच्या बोटांना लावला. बघता बघता पिवळी बोटं तांबडी झाली, आणि हातावरून पिंजरेसारखं लाल पाणी उतरलं. मग तिने त्याचा हात धरला. लहानपणी जत्रेत धरायची तसाच. साबण लावला, चोळला, पुन्हा चोळला.

फेस पांढराच राहिला. बोटं पिवळीच राहिली.

“तो तेजाबाचा डाग आहे,” कोमल म्हणाली आणि स्वतःचा अंगठा त्याच्या बोटांशेजारी धरला. रंगात काडीचा फरक नव्हता.

“घाईत मोजे घातले नाहीस ना?” शेवंतीने विचारलं.

सिद्धेशने हात सोडवून घेतला. “निळो व्हतो, मावशे. काचेतसून माझ्याकडे बघी होतो. निळो कोणी मागूकच नाय. जो कोणी मागूक नाय, तो गेलो तर कोणाचा काय जाता? स्टोरातल्या रद्दीतलो पिवळो टाकलो तर म्हणतले, टायटॅनियम कमी पडला.”

“म्हणजे माझ्यावर येईल, हे ठरवूनच?”

“तुका कोण काय बोलतलो? तुझ्या हाताक देव हा म्हणतत ना सगळे!” तो एकाएकी ओरडला. “माका त्या प्रेसचा भिया वाटता गो! रोज वाटता. तो तुकडो कानाकडसून गेलो तेव्हापासून झोप नाय. पण तू लावलेला काम. सोडतंय म्हणान तुझ्यासमोर कशा सांगू? म्हटला, हेतूर कायतरी मिळात, लांब खंय जायन.”

तोही भीत होता, तीही भीत होती. एका पानावर जेवले, आणि दोघांपैकी कोणी बोललं नाही. त्याने चोरी केली. तिने देवाआड लपून त्याची भीती बघायचं टाळलं.

“खडा कुठाय?” प्रवीणबाबनी विचारलं.

सिद्धेशने मावशीकडे पाहिलं आणि मान फिरवली. “रविवारी मी नुसतो जेवूक नाय गेल्लंय,” तो पुटपुटला. “कळला तर सगळ्यांच्यो खोल्यो शोधतले. म्हटला, एक जागा कोण शोधूचो नाय. मावशेचो देवारो. वातीच्या डब्यात, तळाक.”

काल दोन्ही सांजा तिने त्याच डब्यातल्या वाती घेतल्या होत्या. वरच्या वर.

प्रवीणबाबनी घसा खाकरला. निळ्या खड्याचं मोल त्यांच्या डोळ्यांत आधीच हिशेबाला लागलं होतं. “असं करू. खडा आला म्हणजे झालं. घरातलंच प्रकरण आहे. मिटवून टाकू. आणि शेवंतीबाय, ती पिंजर नेमकी किती घातली होती तुम्ही?”

शेवंतीने लाल बोटं पदराला पुसली. पुसली गेली नाहीत.

“बारा वाजायला आले,” ती म्हणाली. “जीप कोरगावला जाणार होती ना? कोमलची पिशवी सगळ्यांदेखत उलटी झाली, ती मिटवामिटवीत नाही झाली. जीप बोलवा. माझ्या दारात येऊ दे.”

६

मुळगावात जीप शिरली तेव्हा दुपारचं जेवण आटोपून माणसं ओसरीवर बसली होती. एकेक जनेल उघडत गेलं. शेवंती पुढे बसली होती. मागे सिद्धेश, दोन शिपाई, आणि खडा पारखायला म्हणून आणलेली कोमल. सबंध वाटेत कोमल एकच वाक्य बोलली होती, “मावशी, काल सकाळी बोलला असतात तर.”

कुलूप काढून तिने दार ढकललं. समोरच देवारा. तिच्या घरी येणाऱ्याला पहिलं वाक्य ऐकू यायचं ते ठरलेलं होतं. शेजारणींना, पाहुण्यांना, एकदा तर आमदाराच्या माणसालाही तिने ते ऐकवलं होतं.

पुढचा शिपाई उंबऱ्याशी थबकला. आत पाहून त्याने विचारलं, “बाय, बूट काढू?”

शेवंतीने देवाऱ्याकडे पाहिलं. पितळी डबा चकचकीत घासलेला होता, झाकण नीट बसवलेलं होतं.

“नको,” ती म्हणाली. “राहू देत. या तसेच.”

शिपाई बुटांनिशी आत गेला. मागोमाग दुसरा, सिद्धेशला धरून. जमिनीवर लाल मातीचे ठसे उमटत गेले. शेवंती दाराशीच उभी राहिली, रस्त्याकडे पाठ करून. उघड्या जनेलांकडे बघायचं धैर्य तिला होईना.

तिच्या पाठीमागे काहीतरी हललं. तिने मान वळवली.

कोमल उंबऱ्याबाहेर वाकली होती. तिने एक चप्पल काढली, मग दुसरी. दोन्ही भिंतीला लावून नीट जोडीने ठेवल्या, आणि काही न बोलता अनवाणी आत आली.